राक्षसभुवनचें रण आणि व्यापाऱ्याची खतावणी

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या दक्षिण तीरावर, गेवराई तालुक्यांत, राक्षसभुवन नांवाचें गांव आहे. शनीचें क्षेत्र म्हणून भाविक तेथें जातात, नदीवर स्नान करतात, दर्शन घेतात आणि परत फिरतात. याच परिसरांत १० ऑगस्ट १७६३ रोजीं मराठ्यांच्या इतिहासांतील एक निर्णायक लढाई झाली, हें त्यांपैकीं पुष्कळांच्या ध्यानींही नसतें. शाळेच्या पुस्तकांत या लढाईला चार-सहा ओळी मिळतात: निजामाचा पराभव झाला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांचें तेज प्रथम दिसून आलें. परंतु ही लढाई कशी लढली गेली यापेक्षां ती लढण्यापूर्वीं काय काय केलें गेलें, हा प्रश्न अधिक बोधप्रद आहे. त्याचें उत्तर केवळ सेनापतीच्याच नव्हे, तर दुकानदाराच्या, कारखानदाराच्या, किंबहुना कोणताही लहानमोठा उद्योग सांभाळणाऱ्या गृहस्थाच्याही उपयोगी पडण्यासारखें आहे.

धंद्यांत अडचण आली म्हणजे मनुष्य प्रथम काय करतो? जेथें दुखतें तेथें हात लावतो. विक्री घटली कीं भाव उतरवतो. भाव पडला कीं अडत्याला बोल लावतो. काम बिघडलें कीं नोकर बदलतो. डोकें दुखतें म्हणून कपाळाला लेप लावावा आणि पोट बिघडलें आहे काय याची विचारपूसही करूं नये, तसा हा प्रकार होय. अडचण ज्या ठिकाणीं दिसते त्याच ठिकाणीं ती जन्मलेली असते, असें नाहीं. प्राचीन भारतीय राजनीतीनें राज्यकर्त्याला जी पहिली शिकवण दिली ती हीच. राज्य हें एक शरीर आहे, त्याचीं अंगें परस्परांशीं जोडलेलीं आहेत, आणि रणांगण हें त्या अंगांपैकीं एकाचेंही नांव नाहीं. लढाई हा सर्व अंगांच्या बलाबलाचा शेवटचा हिशेब होय.

१७६३ च्या उन्हाळ्यांत मराठी राज्याची स्थिति कशी होती? पानिपतचा प्रलय होऊन अडीच वर्षेंही झालीं नव्हतीं. कर्त्या माणसांची एक पिढीच्या पिढी तेथें कामास आली होती आणि खजिना रिता होता. गादीवर कोवळे माधवराव आणि कारभारांत त्यांचे चुलते रघुनाथराव. दोघांचें वितुष्ट इतकें विकोपास गेलें कीं १७६२ च्या नोव्हेंबरांत आळेगांवीं त्यांच्या सैन्यांची आपसांतच झुंज झाली. राज्य दुभंगूं नये म्हणून माधवराव स्वतः चुलत्यांच्या स्वाधीन झाले. सत्ता हातीं येतांच रघुनाथरावांनीं जुन्या माणसांना दुखविलें. मिरजेवर त्यांची चाल झाली, तेव्हां गोपाळराव पटवर्धनांसारखा कसलेला सरदार निजामाकडे गेला. नागपूरकर जानोजी भोसले यांना निजामाच्या दिवाणानें सातारच्या राज्यकारभाराचें आमिष दाखवून वळवून घेतलें. याच उन्हाळ्यांत निजामाची फौज पुण्यावर आली आणि शहर लुटून जाळून गेली. घरांत दुही, तिजोरींत खडखडाट, सरदार फुटलेले, पेशव्यांचें शहर भस्मसात् झालेलें. राज्याचें एकही अंग धड राहिलें नव्हतें.

अशा वेळीं अननुभवी सेनापतीची पहिली ऊर्मि पुण्याच्या रक्षणासाठीं निजामाच्या तोफांसमोर छाती काढून उभें राहण्याची असती. मराठ्यांनीं तसें केलें नाहीं. प्रथम त्यांनीं घर आवरलें. आळेगांवीं माधवरावांनीं जो अभिमान गिळला त्याचें फळ आतां दिसूं लागलें. चुलते-पुतणे एकाच मोहिमेवर एकत्र बाहेर पडले. दुसरें असें कीं, निजामाचें जें बलस्थान, म्हणजे त्याचा जड तोफखाना, त्याच्या वाऱ्यालाही ते उभे राहिले नाहींत. हलक्या घोडदळानिशीं ते त्याच्याच मुलखांत शिरले. औरंगाबादेकडून वऱ्हाडाकडे आणि तेथून हैदराबादेच्या बाजूस. जेथें शत्रूचा महसूल, तेथें मराठ्यांचीं घोडीं. त्यामुळें स्वतःच्या फौजेचा खर्च शत्रूच्या मुलखावर पडला आणि शत्रूची तिजोरी आटूं लागली. पुणें जळत असतांही ते माघारीं धांवले नाहींत. हा निर्णय सोपा नव्हता. त्याची किंमत पुण्याच्या रहिवाशांनीं घरादाराच्या राखेनें मोजली. तिसरें, त्यांनीं शत्रूपेक्षां शत्रूच्या मित्रांकडे अधिक लक्ष दिलें. जानोजी भोसले यांना बत्तीस लक्षांचा मुलूख देऊं करून पेशव्यांनीं त्यांना निजामापासून अलग केलें. आणि चौथें, त्यांनीं योग्य स्थळाची व योग्य वेळेची वाट पाहिली.

ती वेळ श्रावणांत आली. निजाम औरंगाबादेच्या वाटेला लागला होता. राक्षसभुवनाजवळ तो स्वतः कांहीं सैन्यासह गोदावरी उतरून पलीकडे गेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे, दक्षिण तीरावर राहिला. नदीला पूर होता. कालपर्यंत एक असलेलें सैन्य आज दोन झालें होतें आणि त्यांच्यामध्यें गोदावरी पसरली होती. मराठे नेमके त्या क्षणीं येऊन थडकले. लढाई घनघोर झाली. रघुनाथराव शत्रूच्या गराड्यांत सांपडले असतां माधवरावांनीं ऐन वेळीं कुमक करून त्यांना सोडविलें. विठ्ठल सुंदर पडला. पैलतीरावरील निजामाला आपल्याच फौजेचा नाश पाहत राहण्यावांचून फारसें कांहीं करतां आलें नाहीं. पुढच्याच महिन्यांत औरंगाबादेस तह झाला आणि निजामानें मोठा मुलूख सोडून दिला. लढाई एका दिवसाची. तिची सिद्धता मात्र कित्येक महिन्यांची. ज्या दिवशीं तरवार उपसली गेली त्या दिवशीं शत्रूचा पैसा, त्याचा मित्र आणि त्याचें अर्धें सैन्य हीं तिन्ही आधींच त्याच्यापासून दूर झालेलीं होतीं.

या मोहिमेचें शास्त्र कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत स्पष्ट मांडलेलें आहे. हा ग्रंथ शतकानुशतकें केवळ नांवानेंच ठाऊक होता. १९०५ मध्यें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत शामशास्त्री यांच्या हातीं त्याची ताडपत्रावरील प्रत आली आणि १९०९ मध्यें त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली. पुढें मुंबई विद्यापीठानें र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति, भाषांतर व अभ्यास अशा तीन भागांत १९६० ते १९६५ या काळांत प्रकाशित केली. अर्थात् १७६३ च्या सेनापतींच्या हातीं ही पोथी होती असें मुळींच नव्हे. जें शहाणपण शास्त्रकारानें सूत्रांत बांधलें तेंच व्यवहारांत मुरलेल्या माणसांना अनुभवानें कळलें, एवढाच त्याचा अर्थ.

कौटिल्याच्या मतें राज्याचीं अंगें सात: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. स्वामी म्हणजे निर्णय करणारा, अमात्य म्हणजे सल्ला देणारा व कारभार पाहणारा, जनपद म्हणजे मुलूख आणि त्यांतील माणसें, दुर्ग म्हणजे तटबंदी, कोश म्हणजे तिजोरी, दंड म्हणजे सैन्य आणि मित्र म्हणजे साह्यकर्ता. हा क्रम सहज लिहिलेला नाहीं. संकटांचा विचार करतांना ग्रंथकार सांगतो कीं, यांपैकीं आधींच्या अंगावरील आपत्ति ही नंतरच्या अंगावरील आपत्तीपेक्षां गंभीर समजावी. सैन्यांत दोष दिसला तर तिजोरी तपासावी, तिजोरींत दोष दिसला तर तट आणि मुलूख तपासावा, आणि अखेर निर्णय करणाऱ्याकडे यावें. रोग शोधण्याची ही एक पायरी-पायरीची रीत आहे.

यापुढें वागण्याचे सहा प्रकार, म्हणजे षाड्गुण्य, येतें. संधि म्हणजे करार. विग्रह म्हणजे उघड विरोध. आसन म्हणजे स्वस्थ बसून राहणें. यान म्हणजे चालून जाणें. संश्रय म्हणजे बलवंताचा आश्रय घेणें. आणि द्वैधीभाव म्हणजे एकाशीं करार करून दुसऱ्याशीं विरोध चालू ठेवणें. सहांतून एक प्रकार उघड विरोधाचा आहे, बाकीचे पांच निराळे आहेत, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. इतकेंच नव्हे, तर संधि आणि विग्रह या दोहोंपासून सारखाच लाभ होणार असेल तर संधीच पत्करावा, कारण विग्रहांत माणसें, पैसा आणि स्वास्थ्य यांचा क्षय होतो, असा कौटिल्याचा स्पष्ट कौल आहे. चीनमधील सुन्-त्झू याच्या तेरा अध्यायांच्या युद्धग्रंथाचा रोखही हाच: न लढतां मिळालेला जय हा लढून मिळविलेल्या जयापेक्षां श्रेष्ठ. उत्साह, सत्ता आणि मंत्र या तीन शक्तींतही कौटिल्य मंत्रशक्तीला, म्हणजे विचारपूर्वक सल्ल्याला, अग्रस्थान देतो. देश आणि काल यांचें महत्त्व सांगतांना तेथें एक मार्मिक दृष्टांत आला आहे: जमिनीवर कुत्रा मगरीला ओढतो, पाण्यांत मगर कुत्र्याला ओढते. दोघांची शक्ति तीच. बदललें तें स्थळ.

आतां राक्षसभुवनापासून दक्षिणेकडे, याच जिल्ह्यांतील बालाघाटच्या डोंगरांत यावें. धारूर, अंबाजोगाई या बाजूचें सीताफळ प्रसिद्ध आहे. खडकाळ उतारावर, कमी पाण्यावर हें झाड तग धरतें. त्याच्या पानाला गुरें-शेरडें सहसा तोंड लावीत नाहींत. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. अंबाजोगाई येथें परभणीच्या कृषि विद्यापीठाचें सीताफळ संशोधन केंद्र असून ‘धारूर-६’ हें वाण तेथूनच पुढें आलें. फळ गोड, नांव मोठें, आणि तरीही तें पिकविणाऱ्याच्या व विकणाऱ्याच्या हातीं पुष्कळदां निराशा येते. कारण हें फळ मुख्यतः भाद्रपदापासून कार्तिकापर्यंतच्या थोड्या काळांत एकदम येतें आणि झाडावरून उतरल्यावर चार-पांच दिवसांत मऊ पडतें. बटाट्याप्रमाणें तें शीतगृहांत टाकून निश्चिंतही होतां येत नाहीं. फार थंडावा लागला तर त्याची साल काळी पडते आणि तें नीट पिकत नाहीं. सर्वांचें फळ एकाच वेळीं बाजारांत आलें म्हणजे भाव कोसळतो.

समजा, धारूरकडील एखाद्या व्यापाऱ्याला दोन हंगाम तोटा आला. तो म्हणतो, ‘अडत्यानें भाव पाडला.’ त्याची दृष्टि रणांगणावर, म्हणजे बाजाराच्या ओट्यावर खिळलेली आहे. तो अडत्याशीं भांडतो, दुसऱ्या अडत्याकडे जातो, आणि तिसऱ्या हंगामांतही तोटाच खातो. आतां तोच गृहस्थ सात अंगांची यादी हातीं घेऊन बसला असें कल्पावें. मित्र हें शेवटचें अंग, अडत्या त्यांतला. त्याच्या पट्ट्या पाहिल्या तर असें दिसतें कीं चांगल्या मालाला भाव बरा मिळाला होता, परंतु मालाचा मोठा भाग मऊ किंवा फुटलेला म्हणून खालच्या दरानें गेला. फळ मऊ कां पडलें? तोडणी दोन-तीन दिवस उशिरां झाली म्हणून. तोडणी उशिरां कां झाली? तोडणारे हात कमी पडले म्हणून. म्हणजे दोष दंडांत निघाला. हात कमी कां पडले? बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून त्यांनीं आधींच उचल घेतलेली असते. फळाचा हंगाम आणि हें स्थलांतर एकमेकांवर येऊन पडतात. मग व्यापाऱ्यानें त्या माणसांना थोडी अधिक मजुरी आगाऊ देऊन आणखी पंधरा दिवस थांबवून कां घेतलें नाहीं? कारण त्याचा सारा पैसा बागा उक्त्या घेण्यांत गुंतला होता. मोहर दिसतांच त्यानें ऐपतीपेक्षां अधिक बागा ठोक रकमेनें बोलून ठेवल्या होत्या. दोष कोशांत निघाला. आणि इतक्या बागा घेण्याचा निर्णय कोणत्या हिशेबावर झाला? मागील वर्षीं कोणत्या बागेंतून किती माल उतरला, किती वाया गेला, याची टिपणें कोणीच ठेवलीं नव्हतीं. म्हणजे अमात्याचें आसनच रिकामें होतें.

अडत्याच्या ओट्यावर दिसणारा रोग वहीच्या कोऱ्या पानांत जन्मला होता. भाव हा शेवटचा आंकडा. त्याच्या आधींचे सहा आंकडे चुकल्यावर तो बरोबर कसा येणार? ही उलट तपासणी ज्याला साधली त्याला उपायही दिसूं लागतो. बागा थोड्या घ्याव्या, पण त्यांची तोडणी वेळेवर होईल एवढा पैसा हातीं राखावा. तोडणाऱ्यांशीं हंगामापूर्वींच बोलणें करून ठेवावें. त्यांनाही फड गांठण्यापूर्वींचीं हीं पंधरा दिवसांचीं मजुरी हवीच असते. माल बागेंतच निवडावा: कठीण, डोळे नुकतेच उघडलेलें फळ पुण्या-मुंबईच्या लांबच्या वाटेला, पिकण्याच्या बेतांत असलेलें परळी-बीडसारख्या जवळच्या बाजाराला, आणि ज्याला डाग वा चीर पडली आहे पण गर चांगला आहे तें गर काढण्यासाठीं. एकाच ढिगाचे असे तीन ढीग केले म्हणजे प्रत्येक फळ स्वतःच्या भूमीवर उभें राहतें.

येथें मगर आणि कुत्रा यांचा दृष्टांत पुन्हां आठवावा. भरलेल्या बाजारांत ताज्या सीताफळाचा मालक हा पाण्यांतल्या कुत्र्यासारखा असतो. फळ घटकेघटकेला मऊ होत आहे, तें परत नेतां येत नाहीं, आणि समोरच्याला ही गोष्ट पक्की ठाऊक आहे. काळ त्याच्या विरुद्ध लढत असतो. परंतु तोच गर बिया काढून, काळा पडण्यापूर्वीं शून्याखालीं अठरा-वीस अंशांपर्यंत गोठविला म्हणजे कित्येक महिने टिकतो. आइसक्रीम आणि मिठाई करणाऱ्यांना तो वर्षभर लागतो. गर काढण्याची व गोठविण्याची सोय ही म्हणूनच या धंद्याची तटबंदी होय. दुर्गाचें प्रयोजन शत्रूला मारण्याचें नसतें. आपल्याला थांबतां यावें, घाईनें वाईट करार पत्करावा लागूं नये, यासाठीं दुर्ग असतो. ज्याला थांबतां येतें त्याला भाव मागतां येतो. मानांकनाचें नांवही असाच एक तट आहे. पण तो माल निवडून, शिक्क्यानिशीं, एकसारखा पाठविणाऱ्याच्याच उपयोगी पडतो. तटावर पहारा नसेल तर तट असून नसून सारखाच.

षाड्गुण्याचे सहा प्रकारही या व्यवहारांत जसेच्या तसे सांपडतात. अडत्याशीं हंगामापूर्वीं दराची व पट्टीची बोली करणें हा संधि. निवडक मालावर स्वतःचें नांव घालून शहरांत इतरांशीं स्पर्धा करणें हा विग्रह. तो जेथें आपला माल निःसंशय सरस आहे तेथेंच करावा. बाजार तुंबला असतां माल न पाठवितां गर काढीत राहणें हें आसन. मुंबई-हैदराबादेसारख्या दूरच्या बाजारावर जाणें हें यान. पाठीमागची तोडणी, वाहन आणि पैसा यांची व्यवस्था असल्यावांचून तें करूं नये. एकट्याला गोठवणीचें यंत्र परवडत नसेल तर दुसऱ्याच्या कारखान्यांत दर ठरवून गर गोठवून घेणें हा संश्रय. ताजें फळ अडत्याच्या मार्फत आणि गर थेट मिठाईवाल्यास, अशी विभागणी करणें हा द्वैधीभाव. कौटिल्यानें संघांविषयीं स्वतंत्र अधिकरण लिहिलें आहे. जो संघ एकजुटीनें राहतो तो बाहेरच्याला जिंकतां येत नाहीं, हें त्याचें निरीक्षण आहे. पांच-पंचवीस बागाईतदारांनीं मिळून निवड, गोठवण आणि वाहतूक केली तर जें एकट्याला अशक्य तें सर्वांना शक्य होतें, हा त्याचाच आजचा अर्थ.

परंतु हा सारा विचार करतांना एक मर्यादा डोळ्यांआड होतां कामा नये. व्यापार हें युद्ध नव्हे. युद्धशास्त्र वाचून व्यापारी जर ग्राहकालाच शत्रू समजूं लागला तर त्यानें ग्रंथ उलटा धरला असें म्हणावें लागेल. ग्राहक, शेतकरी आणि मजूर हे धंद्याचें जनपद आहेत. आणि जनपद पिळून समृद्ध झालेलें राज्य कोणत्याच शास्त्रकारानें वाखाणलेलें नाहीं. स्वतः कौटिल्य व्यापाऱ्याच्या बाबतींत किती कडक आहे हें पाहण्यासारखें आहे. खोटीं वजनें-मापें वापरणाऱ्यास आणि संगनमतानें भाव चढविणाऱ्यास त्यानें दंड सांगितला आहे. नफ्याची मर्यादाही घातली आहे: ठरलेल्या खरेदीवर स्वदेशी मालास शेंकडा पांच आणि परदेशी मालास शेंकडा दहा. ज्या ग्रंथांत राजासाठीं विषप्रयोग आणि हेरगिरी यांचींही प्रकरणें आहेत, त्याच ग्रंथांत तराजूसाठीं मात्र सचोटीचा आग्रह आहे. रामचंद्रपंत अमात्यांनीं इ. स. १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रांत साहुकारांसाठीं स्वतंत्र प्रकरण आहे. व्यापाऱ्यांना बोलावून वसवावें, त्यांचा मान राखावा, त्यांच्यामुळें राज्य संपन्न होतें, असा त्याचा आशय आहे. राजनीति व्यापाराला जवळची मानीत आली ती लढाईसाठीं नव्हे, तर मुलूख नांदता राहावा यासाठीं.

राक्षसभुवनचा पुढचा इतिहासही याच अंगानें वाचावा लागतो. जानोजी भोसले यांना मुलूख देऊन वळविलें खरें. परंतु केवळ देण्यावर उभें राहिलेलें सख्य टिकलें नाहीं. तीन वर्षांच्या आंत, १७६६ मध्यें, पेशव्यांनीं त्यांच्यावर मोहीम केली आणि बत्तीसांपैकीं चोवीस लक्षांचा मुलूख परत घेतला. या मोहिमेंत पेशव्यांच्या बाजूस कोण होतें? ज्याचा दिवाण राक्षसभुवनीं मारला गेला तोच निजाम. कालचा शत्रू आज सहाय झाला, आणि पैशानें मिळविलेला मित्र आज शत्रू ठरला. ज्या अडत्याशीं आज भांडण आहे त्याच्याकडेच पुढच्या हंगामांत जावें लागण्याचा संभव असतो. म्हणून भांडणांतही बोलण्याची एक वाट मोकळी ठेवावी. आणि केवळ अधिक रकमेच्या लोभानें जो आपल्याकडे आला तो त्याहून अधिक रकमेसाठीं दुसरीकडे जाणार, हेंही गृहीत धरावें.

याहून मोठा धडा घरांतला आहे. सात अंगांपैकीं पहिलें अंग स्वामी. आणि त्याच अंगाचा रोग मराठी राज्याला समूळ बरा करतां आला नाहीं. राक्षसभुवनीं पुतण्यानें चुलत्याचे प्राण वाचविले, कारभाराचीं सूत्रें क्रमाक्रमानें स्वतःच्या हातीं घेतलीं. तरीही १७६८ मध्यें धोडप येथें त्याच चुलत्याशीं लढून त्यांना कैद करावें लागलें. माधवराव १७७२ मध्यें क्षयानें वारले, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव शनिवारवाड्यांत मारला गेला. बाहेरची सर्वांत कठीण मोहीम ज्यांनीं जिंकली त्यांना घरांतलें भांडण जिंकतां आलें नाहीं. एकत्र कुटुंबाचा धंदा चालविणाऱ्या किती घरांत हीच कहाणी लहान आकारांत घडते! भाव, माल, मजूर, सर्व कांहीं जागच्या जागीं असतें. फक्त निर्णय कोणाचा, हें ठरलेलें नसतें. दोन भाऊ एकाच अडत्याला दोन निरोप देतात. अशा दुकानाला युद्धशास्त्र शिकवून काय उपयोग? तेथें प्रथम घरच्यांनीं एकत्र बसून कोणी काय पाहावें हें लिहून ठरविलें पाहिजे. आळेगांवीं माधवरावांनीं जी माघार घेतली ती या दृष्टीनें त्यांच्या आयुष्यांतील फार मोठी चढाई होती. तिच्यामुळेंच राक्षसभुवनीं एकच फौज उभी राहिली.

म्हणून ज्याला आपल्या उद्योगांतील अडचण सोडवावयाची आहे त्यानें दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशीं नव्या खतावणीच्या पहिल्या पानावर सात नांवें लिहावीं आणि प्रत्येकापुढें एकेक प्रामाणिक उत्तर लिहावें. निर्णय कोणाचा? हिशेब कोण ठेवतो आणि खरें कोण सांगतो? माल जेथून येतो ती जमीन व तीं माणसें सुखी आहेत काय? थांबण्याची सोय कोणती? हातीं मोकळा पैसा किती? काम करणारे हात ऐन वेळीं असतील काय? आणि अडचणींत कोण उभा राहील? हीं सात उत्तरें लिहून होईपर्यंत भावाचा विचार बाजूस ठेवावा. पुष्कळांना पहिल्या तीन उत्तरांतच आपला रोग सांपडेल.

गोदावरीला आजही श्रावणांत पाणी चढतें. १७६३ च्या श्रावणांत तिनें निजामाचें सैन्य दुभागलें, पण पूर कांहीं मराठ्यांनीं आणलेला नव्हता. पूर येईल त्या दिवशीं आपण एक असावें, आपली तिजोरी तगून असावी आणि समोरच्याचा मित्र त्याच्याजवळ नसावा, एवढीच तजवीज त्यांनीं आधीं करून ठेवली होती. बाजाराचा पूरही कोणाच्या हातचा नसतो. तो येईल तेव्हां दोन्ही तीरांवर विभागलेला कोण असेल आणि एकाच तीरावर सज्ज कोण असेल, हें मात्र त्यापूर्वींच्या महिन्यांत, वहीच्या पानांवर ठरत असतें.